तिकीट नाही, पास नाही, सतरंजी आणा!

पुण्यातल्या नावाजलेल्या सगळ्या संगीत महोत्सवांना थंडी लागते. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून चालू आहे, तो डिसेंबरात. ‘एनएच सेव्हन वीकेंडर’ २०१० मध्ये पुण्यातच जन्माला आला, तोही डिसेंबरातच. शाली, स्वेटर, हातात गरम कॉफीचा कप आणि इन्स्टावर रील. मग एप्रिल-मेमध्ये, पारा चाळिशीला टेकला की, मोकळ्यावरचं गाणं बंद होतं का?

पुणे शहराचं होत असेल. आपल्याकडे मात्र नेमकं तेव्हाच सुरू होतं. नाशिक फाट्यावरून भोसरी, मोशी, चाकण, राजगुरुनगर असं सरळ वर जात राहा. गुढी पाडवा झाला की या रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या गावांत रात्री आठनंतर कुठून ना कुठून ढोलकी ऐकू येते. एका गावात आज, शेजारच्यात उद्या, त्याच्या पलीकडच्यात परवा. बँड बदलतात, मैदानं बदलतात, प्रवेश सगळीकडे फुकट. दीड-दोन महिने चालणारी ही मैफलींची माळ आहे, फक्त तिला कुणी फेस्टिव्हल म्हणत नाही. गावाची यात्रा म्हणतात. आणि आपण, म्हणजे आकुर्डी-निगडीच्या फ्लॅटमध्ये वाढलेली पोरं, तिच्याकडे ‘ट्रॅफिक का जाम झालंय’ एवढ्याच नजरेनं बघतो.

पिंपरी-चिंचवड म्हणजे कंपन्या, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये पिंपरीत आली, तिच्यामागून बाकीचे कारखाने. पण १९७० मध्ये नगरपालिका झाली ती पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी ही चार गावं जोडून. १९८२ मध्ये महापालिका झाली. १९९७ मध्ये आणखी अठरा गावं आत आली. गावं आली ती एकटी आली नाहीत. भैरवनाथ, म्हातोबा, खंडोबा असे आपापले देव आणि त्या देवांच्या तिथी घेऊन आली. भोसरीच्या भैरवनाथाची यात्रा भोवती फ्लायओव्हर झाला तरी थांबली नाही. हिंजवडी-वाकडच्या म्हातोबाचं बगाड चैत्र पौर्णिमेला निघतं, आणि त्या दिवशी आयटी पार्कातल्या इंजिनिअरांनाही रस्ता बदलून घरी जावं लागतं.

यात्रा नेमकी याच दिवसांत का, याचं उत्तर शेतात आहे. रब्बीचं पीक घरात आलेलं, हातात पैसा, पावसाला अजून वेळ. मुंबईला कामाला गेलेली माणसं याच दिवसांत गावी येतात. मुंबईच्या डबेवाल्यांची बातमी दरवर्षी एप्रिलात छापून येते बघा: डबेवाले पाच-सहा दिवस सुट्टीवर, मुंबईकरांच्या डब्याचे हाल! ती सुट्टी याच यात्रांसाठी असते. बहुतेक डबेवाले खेड, मावळ, मुळशी, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांतले. मुंबईतल्या हजारो लोकांचं दुपारचं जेवण आपल्या चाकणजवळच्या कुठल्यातरी देवाच्या पालखीमुळे अडतं, हे मला कळलं तेव्हा मला उगाचच भारी वाटलं होतं.

बुकिंग ऑफिस: नारायणगाव

या सगळ्या मैफलींचा ‘हेडलायनर’ म्हणजे लोकनाट्य तमाशा. आणि त्याचं बुकिंग होतं नारायणगावला, याच पुणे-नाशिक रस्त्यावर. पाडव्याच्या सुमाराला तिथे फडांच्या राहुट्या लागतात. राहुटी म्हणजे फडाचं तात्पुरतं ऑफिस. बाहेर फडमालकाच्या नावाचा मोठा फ्लेक्स, आत गादी, टेबल, कलाकारांचे फोटो आणि तारखांची वही. गावोगावचे पंच जीप भरून येतात, या राहुटीतून त्या राहुटीत फिरतात, भाव करतात आणि ठरलं की सुपारी देतात. आमच्या वर्गातले आम्ही चौघं बघायला गेलो, तेव्हा एक गोष्ट लगेच लक्षात आली. पैशाचा विषय दुसरा निघतो. पहिला प्रश्न असतो, ‘तिथी कुठली?’

कारण सगळं तिथीवर ठरतं. चैत्र पौर्णिमेला शंभर गावांना तमाशा हवा असतो आणि फड असतात मोजके. त्या रात्रीची सुपारी काही लाखांत जाते. दोन दिवस मागं-पुढं सरकलं की तोच फड, तीच माणसं, तोच वग कितीतरी स्वस्तात मिळतो. विमानाच्या तिकिटाचे भाव दिवाळीत चढतात त्यातलाच प्रकार, फक्त इथे अॅप नाही. पंचांमधला एखादा मुरलेला म्हातारा असतो, तोच अॅप.

फडमालकाच्या बाजूने बघितलं तर हे दीड-दोन महिने म्हणजे वर्षाची कमाई. फड बाहेर पडतो दसऱ्याला. हिवाळ्यात कनाती लावून, तिकीट लावून गावोगाव खेळ करायचा. त्यात खर्च निघाला तरी पुष्कळ. मोठ्या फडात शंभराच्या घरात माणसं असतात: नाचणाऱ्या, गाणारे, वादक, सोंगाडे, लाइटवाले, तंबू ठोकणारे, आचारी, ड्रायव्हर. या सगळ्यांना हंगामाच्या आधी उचल द्यावी लागते, आणि ती द्यायला मालक स्वतः कर्ज काढतो. ते कर्ज फिटायचं असतं चैत्र-वैशाखाच्या सुपाऱ्यांवर. म्हणून २०२० हे साल या धंद्यात कुणीही विसरत नाही. त्या वर्षी गुढी पाडवा होता २५ मार्चला, आणि देशभरातला लॉकडाऊन सुरू झाला तोही २५ मार्चला. राहुट्या लागायच्या दिवशीच सगळं बंद. पुढचं साल, २०२१, तेही तसंच गेलं. सलग दोन चैत्र कोरडे. त्याच दुसऱ्या उन्हाळ्यात, मे २०२१ मध्ये, कांताबाई सातारकर गेल्या.

त्यांचे चिरंजीव रघुवीर खेडकर यांचा फड, मंगला बनसोडे यांचा फड, मालती इनामदार यांचा फड… ही नावं आपल्या प्लेलिस्टमध्ये नसतात, पण आपल्या गावाकडच्या कुठल्याही काकाला विचारा, तो उभ्या-उभ्या वीस मिनिटं बोलेल. मंगलाताई म्हणजे विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांची मुलगी. विठाबाईंना १९५७ आणि १९९० असं दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवण्यात आलं. पोटुशी असताना बोर्डावर नाचत होत्या, कळा सुरू झाल्या म्हणून मागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या, ही गोष्ट सगळा महाराष्ट्र सांगतो. सांगताना लोकांचे डोळे चमकतात. मला मात्र ती ऐकून दर वेळी राग येतो. त्या रात्री खेळ थांबला असता तर काय बिघडलं असतं? पब्लिक समजूतदार असतं तर ही दंतकथा झालीच नसती. २००२ च्या जानेवारीत विठाबाई गेल्या, त्याही पैशाच्या ओढाताणीतच. २००६ पासून सरकार त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं.

एक तार आणि नटबोल्टची ढोलकी

आता मुख्य मुद्दा, म्हणजे वाजतं काय?

सुरुवात होते ढोलकी आणि हलगीच्या सलामीने. अजून कुणी बोर्डावर आलेलं नसतं. दोन वादक समोरासमोर. ढोलकीवाला एक तुकडा टाकतो, हलगीवाला तो उचलून वरचढ करून परत फेकतो. हे दहा मिनिटं चालतं, आणि तोवर पानटपरीवर रेंगाळणारं सगळं पब्लिक मैदानात येऊन बसलेलं असतं. हलगी म्हणजे एका बाजूने कातडं ताणलेलं कडं, बस्स. वाजवण्याआधी ती जाळावर शेकतात. कातडं तापून ताणलं गेलं की आवाज असा तडतडतो की छातीत लागतो. ढोलकी पूर्वी दोरीने आवळायचे, आता बहुतेकांकडे नटबोल्टची असते. पाना घेऊन ढोलकी सुरात लावणारा माणूस बघितला तेव्हा वाटलं, हा आपल्या भोसरी एमआयडीसीतच शोभेल.

मग तुणतुणं. एकच तार, एकच सूर. ‘जी जी रं जी’ अशी झील ओढणारे सुरत्ये मागे उभे असतात, त्यांच्यातल्या एकाच्या हातात ते असतं. गिटार शिकणाऱ्या माझ्या मित्राला मी म्हटलं, यात सहाच्या सहा तारांचं काम एकच तार करते. तो म्हणाला, मग शिकायला किती सोपं! पंधरा मिनिटं प्रयत्न करून त्याने ते गपचूप परत दिलं. तो एक सूर रात्रभर न ढळता धरून ठेवायचा, लय सोडायची नाही आणि वर गायचं. हे सोपं नाही, हे त्याला कळलं.

याच्या शेजारी आता कीबोर्ड आहे, ऑक्टोपॅड आहे, मागे एलईडीची भिंत आहे, ट्रकचंच स्टेज होतं. जुन्या लोकांना ते खटकतं. मला तितकंसं नाही. पेटी तरी कुठे आपली होती, तीही बाहेरूनच आली आणि रुळली. खटकतं ते एवढंच, की कीबोर्ड सुरू झाला की साउंडवाला तुणतुण्याचा माइक बंद करतो. दोन्ही एकत्र ऐकू आले तर काय मजा येईल, हे बहुधा कुणी करूनच बघत नाही.

सलामीनंतर गण, म्हणजे गणपतीला वंदन. मग गवळण: बाजाराला निघालेल्या गवळणी, वाट अडवणारा कृष्ण, त्याचा वात्रट साथीदार पेंद्या आणि गवळणींची म्होरकी मावशी. मावशी नेहमी पुरुषच, आणि फडातला सगळ्यात हजरजबाबी माणूस बहुधा तोच. कालच्या बातमीवर, गावातल्या खड्ड्यावर, पुढच्या रांगेत बसलेल्या सरपंचाच्या गॉगलवर तो तिथल्या तिथे बोलतो. स्टँडअप कॉमेडी बघायला आपण पाचशे रुपये देतो, हे लक्षात असू द्या. त्यानंतर बतावणी, रंगबाजी आणि सगळ्यात शेवटी वग.

रंगबाजी म्हणजे लावण्या आणि हल्ली जास्त करून हिट सिनेमांची गाणी. शिट्ट्या, फर्माईश, वन्समोर, सगळा कल्ला इथेच. मोबाइल वर येतात तेही इथेच. आणि ती संपली की निम्मं तरुण पब्लिक उठून जातं. वग सुरू व्हायच्या आत!

हे म्हणजे जेवायला जाऊन लोणचं चाटून परत येण्यासारखं आहे. वग हाच तर तमाशाचा जीव. पूर्ण नाटक असतं ते, ऐतिहासिक किंवा सामाजिक, आणि पूर्वी त्याची लिखित संहिताही नसायची. गोष्ट ठरलेली, संवाद बोर्डावर सुचतील तसे. पठ्ठे बापूरावांचा ‘मिठाराणी’ वग आपण फक्त पुस्तकात नावापुरता वाचतो. पण एक नाव अगदी घरचं आहे. तळेगावहून चाकणकडे येताना इंदोरी लागतं ना? किल्ला दिसतो, इंद्रायणीचा पूल येतो, ते. दादू इंदुरीकर तिथले. ‘गाढवाचं लग्न’ हा वग त्यांनी गाजवला, त्यातला त्यांचा सावळ्या कुंभार बघायला लोक गाव सोडून गाव जायचे. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळालेला हा सोंगाडा. चाकणला रोज त्याच रस्त्याने जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये बसून किती जणांना हे माहीत असेल?

दहा वाजले, आवाज बंद

वगाचं मरण फक्त प्रेक्षकांच्या उठून जाण्यात नाही. तमाशा ही मुळात रात्रभराची कला. दहाला सुरू, वग मध्यरात्रीनंतर, भैरवी पहाटेला. आणि ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम सांगतात की रात्री १० ते सकाळी ६ मोकळ्यावर लाउडस्पीकर लावायचा नाही. राज्य सरकारला वर्षातले फार तर १५ दिवस ही वेळ बारापर्यंत वाढवता येते. ते पंधरा दिवस वाटताना गणपती-नवरात्राचाच मोठा वाटा जातो. गावच्या यात्रेच्या वाट्याला क्वचितच काही येतं.

नियम चुकीचा आहे, असं मी म्हणणार नाही. बारावीच्या परीक्षेच्या वेळी आमच्या सोसायटीच्या मागे डीजे वाजत होता, तेव्हा हाच नियम मला देवासारखा वाटला होता. पण नियम डीजेला आणि ढोलकीला एकाच मापाने मोजतो, आणि त्यात मरते ढोलकी. डीजेचा कार्यक्रम सातला सुरू करून दहाला संपवला तरी त्याचं काही कमी होत नाही. तमाशाचं होतं. तीन तासांत बसवायचं म्हणून गण एका कडव्यात, गवळण निम्मी, बतावणी गाळलेली, आणि वग? त्याचे दोन-तीन प्रवेश कसेबसे. काही गावांत पोलिस थोडं मागं-पुढं बघतात, काही गावांत दहाच्या ठोक्याला माइक बंद. फडाला सुपारी घेतानाच हा प्रश्न विचारावा लागतो: तुमच्याकडे किती वाजेपर्यंत चालतं?

याचा फटका आपल्या भागाला जास्त बसतो, कारण इथलं पब्लिक शिफ्टवर जगतं. चाकणला सेकंड शिफ्ट सुटून पोरं खोलीवर येईपर्यंत बारा वाजतात. पूर्वी गावाकडे शेतावरून उशिरा आलेल्या माणसालाही वग पूर्ण मिळायचा. आता शिफ्टवरून आलेल्याला मिळतं रिकामं मैदान, पॉपकॉर्नच्या पिशव्या आणि ट्रकवर पेट्या चढवणारी माणसं. बऱ्याच कंपन्यांना गुरुवारी सुट्टी असते, पण देवाची तिथी काही गुरुवार बघून येत नाही.

त्यावर उतारा जुनाच आहे, आणि मला तो सगळ्यात आवडला. त्याला हजेरी म्हणतात. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, देवळासमोर, फडाचा छोटा खेळ होतो. मेकअप थोडा, लाइट नाही, एलईडी नाही. नियमाचाही अडथळा नाही. उन्हात, चहा पीत बसलेल्या लोकांसमोर ढोलकी, तुणतुणं आणि गळा. खरा गाणारा कोण आणि ट्रॅकवर तोंड हलवणारा कोण, हे हजेरीत लगेच कळतं. रात्र चुकली तरी चालेल, हजेरी चुकवू नका.

दुपारी कुस्त्यांचा आखाडा. तिथे बँड वेगळा: हलगी, घुमकं आणि कैताळ. पैलवान भिडले की लय चढते, डाव लागला की हलगी अक्षरशः किंचाळते. भोसरी हे तर पैलवानांचंच गाव, तिथल्या जाणत्या माणसाला म्हणे आखाड्याकडे पाठ करून नुसत्या हलगीवरून कुस्ती कळते. बैलगाड्यांच्या घाटातही असंच. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने शर्यतींवर बंदी घातली होती, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. तेव्हापासून घाट पुन्हा भरतात आणि यात्रेच्या पैशातला मोठा वाटा तिकडे जातो. तमाशावाल्यांच्या दृष्टीने हाही एक नवा स्पर्धक.

दुसरा स्पर्धक तुम्हाला माहीतच आहे. ऑर्केस्ट्रा, डीजे आणि गेल्या काही वर्षांत गौतमी पाटील आणि त्या धर्तीचे डान्स शो. गावच्या मीटिंगमध्ये दरवर्षी हाच वाद. जुनी मंडळी म्हणतात, देवापुढे ढोलकी वाजलीच पाहिजे. तरुण मंडळ म्हणतं, पोरं येतील असं काहीतरी आणा. एमआयडीसीत जमिनी गेलेल्या गावांत पैशाची अडचण नाही. वर्गणीच्या फ्लेक्सवरचे आकडे बघून डोळे फिरतात. म्हणून काही गावं दोन्ही आणतात, एका रात्री हे, दुसऱ्या रात्री ते. छोट्या गावांना निवडावं लागतं, आणि शंभर माणसांच्या फडापेक्षा दहा जणांचा शो सोयीचा पडतो. जेवणाचा खर्चच बघा ना!

माडीवरून ऐकलेला तमाशा

इथपर्यंत वाचताना एखाद्या मुलीला प्रश्न पडला असेल: हे सगळं ठीक, पण आम्ही बसायचं कुठे?

बरोबर प्रश्न आहे. बोर्डावर बाई, समोर सगळे पुरुष, हे तमाशाचं जुनं गणित. माझ्या आजीचं माहेर खेड तालुक्यातलं. तिला विचारलं, ‘आजी, तू तमाशा कधी पाहिलास गं?’

‘पाह्यला कुठला, ऐकला,’ ती म्हणाली. ‘माडीच्या खिडकीतनं. माणसं दिसायची न्हाईत. पण ढोलकी अशी घुमायची का भाकरी थापता थापता हात तालात पडायचा. तुझा पणजा म्हणायचा, आज भाकरी गोल कशी काय झाल्या गं!’

‘मग जायचंस ना खाली.’

‘जाऊन बसू कुठं? पोरीबाळींनी तिकडं फिरकायचं न्हाई, आसं हुतं. त्या बोर्डावरच्या बाया काय कुणाच्या पोरी नव्हत्या व्हय? पर ह्ये आत्ता बोलती मी. तवा न्हाई बोलले.’

आज अगदी तसं राहिलेलं नाही. या वर्षी मी दोन यात्रांना गेले. एका ठिकाणी बायकांसाठी दोरी बांधून वेगळी जागा होती, तिथे सत्तर-ऐंशी जणी तरी असतील, आणि मावशीच्या कोट्यांना सगळ्यात मोठं हसू तिथूनच येत होतं. दुसऱ्या ठिकाणी मी आणि मैत्रीण दोघीच, आणि नजरा टोचत होत्या. खोटं कशाला लिहू? वगाला बायका बसतात, रंगबाजीला उठतात, असं फडातल्या मंडळींचंही निरीक्षण आहे. म्हणजे वग टिकवायचा तर बायकांना नीट जागा द्या, हा साधा हिशेब आहे. यात्रा कमिट्यांनी तो करायला हरकत नाही.

बायका सगळ्यात पुढे बसतात ती मैफल वेगळी. ती तुम्हाला यात्रेत नाही, पिंपरीच्या आंबेडकर चौकात मिळेल. ११ एप्रिल म्हणजे जोतीराव फुल्यांची जयंती, १४ एप्रिल बाबासाहेबांची. या दिवसांत महापालिका पिंपरीत विचार प्रबोधन पर्व भरवते आणि पुतळ्याजवळच्या मोकळ्या जागेत भीमगीतं, शाहिरी, कव्वाली, जलसा यांची रांग लागते. चिंचवडपासून दापोडीपर्यंतच्या वस्त्यांमधून कुटुंबंच्या कुटुंबं येतात. निळ्या किनारीच्या पांढऱ्या साड्या, कडेवर झोपलेली पोरं, जिलेबीचा वास. इथे कुणी तुमच्याकडे टकमक बघत नाही.

आणि संगीत? मूळ तेच. सत्यशोधकांनी तमाशाचा साचा घेतला आणि त्यात आपला विषय भरला, तो जलसा. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. पुढे वामनदादा कर्डकांनी हजारो गाणी लिहिली, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे यांनी गळा दिला. ज्या हलगीला गावकीने सक्तीच्या कामाशी जोडलं होतं, तिच्याबद्दल त्या समाजांच्या मनात दोन भावना आहेत. काहींनी ती खाली ठेवली, काहींनी तीच हातात घेऊन वेगळं वाजवलं. एकतारीवर गाणाऱ्या कडूबाई खरात यूट्यूबवरून घराघरात पोहोचल्या, तेव्हा आमच्या मास कॉमच्या वर्गात त्यावर चर्चा झाली ती ‘व्हायरल कंटेंट’ म्हणून. पिंपरीच्या चौकात भीमगीतं उभ्याने ऐकली तेव्हा कळलं, हा शब्द फार तोकडा आहे. तिथे ओळ अर्धी सोडून गायक माइक पुढे करतो आणि उरलेली अर्धी चार-पाच हजार लोक म्हणतात. स्क्रीनवर शब्द दाखवावे लागत नाहीत.

या दोन मैफली, यात्रेची आणि जयंतीची, एकाच एप्रिलात आठ-दहा किलोमीटरच्या अंतरावर होतात, एकाच ढोलकीवर होतात, कधीकधी तर वादकही तेच असतात. आज देवळासमोर गवळणीला साथ, उद्या चौकात भीमगीताला. पब्लिक मात्र एकमेकांकडे फारसं जात नाही. ते का, हे समजायला मास कॉमची डिग्री लागत नाही.

जायचं असेल तर एवढं करा. गावच्या यात्रेची तारीख इंग्रजी कॅलेंडरवर शोधू नका, तिथीने बघा किंवा सरळ चौकातला फ्लेक्स वाचा; त्यावर पालखी, छबिना, तमाशा, हजेरी, आखाडा असं वेळेसकट सगळं छापलेलं असतं. आठला पोहोचा, सलामी सोडू नका. खाली अंथरायला सतरंजी आणि पाण्याची बाटली हवीच, पहाटेपर्यंत थांबणार असाल तर शालही. गाडी गावाबाहेर लावा. बोर्डावरच्या बाईचा व्हिडिओ तिला न विचारता काढून रीलवर टाकू नका. तिच्या मुलीही आपल्याच वयाच्या आहेत आणि त्यांच्याकडेही मोबाइल आहे. आणि वगाला बसा. निदान एकदा शेवटपर्यंत.

चैत्र पौर्णिमा झाली की मोठी गर्दी ओसरते, पण अक्षय तृतीयेपर्यंत खेड आणि मावळातल्या बऱ्याच गावांच्या यात्रा बाकी असतात. बुद्ध पौर्णिमेच्या आसपास नारायणगावच्या राहुट्या उठतात. मग फडातली निम्मी माणसं शेतावर मजुरीला, काही लग्नाच्या बँडमध्ये, काही घरी. ट्रक ताडपत्रीखाली जातात आणि पावसाळ्यात कुठल्यातरी शाळेच्या नाहीतर मंदिराच्या सभामंडपात दसऱ्यासाठी नवा वग बसवायला घेतात.